वासराच्या पुड्या

माझी धाकटी जाऊ कुठलीही गोष्ट टाकत नाही. आमच्या घरातल्या भांडणांचं मूळ तेच. दोन भाऊ, दोघांच्या बायका, एक स्वयंपाकघर, आणि फ्रीज उघडावा तर समोर बारक्या डब्यांची रांग. अर्धी वाटी भात, एक उकडलेला बटाटा, परवाचं चमचाभर सूप. मी म्हणते, "अगं, हे सूप आता स्वतःच चालत बाहेर येईल." ती म्हणते, "असू द्या जाऊबाई, लागतं कधी कधी." सतरा वर्षांत ते कधीही लागलेलं नाही. ती पाठ वळवते आणि मी मोरीत ओतते.

माझं उलटं. मी ड्रेसिंगची नर्स. दवाखान्याच्या तळमजल्यावर, गेटमधून आत आलं की डाव्या हाताला माझी खोली. लोकांच्या जखमा उघडायच्या, मेलेलं कापून टाकायचं, धुवायचं, पट्टी बांधायची. सव्वीस वर्षं टाकण्याचंच काम केल्यावर हात ठेवून घ्यायला शिकत नाही. जिभेचंही तसंच आहे, हे घरातला कोणीही सांगेल.

धाकटी त्याच दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या एका बंद खोलीत ती पेशी वाढवायची. बाळंतिणींनी दान दिलेल्या नाळेतल्या पेशी. चपट्या प्लास्टिकच्या बाटल्या, त्यांत गुलाबी पाणी, आणि तळाला चिकटलेल्या पेशी, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात त्या बाटल्या आडव्या पडून असतात. दर दोन दिवसांनी जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं. त्या पाण्यात खुराक म्हणून सीरम असतं, म्हणजे वासराच्या रक्तातलं वरचं निवळ. अकरा वर्षं तिने ती खोली अशी सांभाळली की एक बाटली नासली नाही. सुट्टी घेतली तरी मधेच जाऊन बघून यायची. वरच्या मजल्यावर तिला सगळे गवळीण म्हणायचे. "गवळीणबाई, आज धार काढलीत का?" असं लिफ्टमध्येसुद्धा विचारायचे, आणि ही लाजून हसायची.

त्या अकरा वर्षांतली बहुतेक वर्षं पेशी महत्त्वाच्या होत्या, वरचं पाणी कचरा. ते जंतुनाशक घालून ओतून द्यायचं. जन्मात तिने टाकलेली ती एकच वस्तू, आणि नेमकी तीच मोलाची निघाली. नशीब बघा!

ते असं झालं. वरच्या मोठ्या बाई, म्हणजे त्या मजल्याच्या प्रमुख, एके दिवशी खाली माझ्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसून मला समजावू लागल्या. पेशी एकमेकींशी बोलतात म्हणे. तोंड नाही, म्हणून पुड्या पाठवतात. स्वतःच्याच पातळ आवरणात बांधलेल्या पुड्या, इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत हजारभर ओळीने बसतील. पुडीत थोडं सामान आणि एक चिठ्ठी. शेजारची पेशी पुडी आत घेते आणि चिठ्ठीत लिहिलंय ते करायला लागते. साखर असलेल्या माणसाची जखम वर्षानुवर्षं भरत नाही, कारण तिथे लढाई संपली तरी लढणाऱ्या पेशी हटत नाहीत, कडेची कातडी पुढे सरकत नाही, नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत. नाळेच्या पेशींनी सोडलेल्या पुड्या तिथे लावल्या, की त्या सांगतात, तुम्ही शांत व्हा, तुम्ही फुटा, तुम्ही सरका.

"म्हणजे पेशी न लावता नुसत्या चिठ्ठ्या लावायच्या?" मी विचारलं.

"अगदी तसंच, सिस्टर. आणि त्या चिठ्ठ्या आपण इतकी वर्षं ओतून देत होतो."

बारा रुग्णांवर पहिली चाचणी करायला मंजुरी मिळाली होती. जखमा माझ्या खोलीतल्या, पुड्या धाकटीच्या. यादीतलं पहिलं नाव रंगाऱ्याचं.

रंगारी म्हणजे घरांच्या भिंती, दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. वय पंचावन्न, कानावर कायम पेन्सिल. साखरेने पायाची जाणीव गेलेली. एक दिवस बुटात खडा घेऊन संध्याकाळपर्यंत शिडी चढला उतरला, आणि कळलं कधी, तर घरी मोजा रक्ताने चिकटला तेव्हा. त्या खड्याची जखम टाचेवर सोळा महिने उघडी होती. मी काय केलं नाही? कापलं, धुतलं, टाचेवर भार येऊ नये म्हणून जाडजूड बूट दिला, चिडले, ओरडले. जखम तसूभर हलली नाही. आठवड्यातून दोनदा तो यायचा. मी पारदर्शक कागद जखमेवर धरून पेनने कड गिरवायचे, मागच्या वेळच्या रेघेशी ताडून बघायचे. तो मान वाकडी करून म्हणायचा, "सिस्टर, रेघ थरथरली. माझ्या हाताखाली असता तर काढून टाकलं असतं तुम्हाला."

हसवायचा मेला, आणि हसता हसता मला त्याच्या टाचेकडे बघवायचं नाही, कारण मागच्या महिन्यात सर्जनांनी हाडाची तपासणी केली होती. हाड अजून चांगलं होतं. पण त्यांनी तारीख घातली. वीस तारखेपर्यंत कड हलली नाही तर घोट्याच्या वरून पाय काढायचा. हाडात शिरलं की मग गुडघ्यावरूनही भागणार नाही. शिडीवर चढणाऱ्या माणसाला हे सांगताना सर्जन खिडकीबाहेर बघत होते.

पहिली मात्रा तीन तारखेला, सोमवारी, सकाळी दहाला लावायची ठरली. दर आठवड्याला एक, अशा सहा. मी एकेक दिवस मोजत होते.

शनिवारी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. धाकटी आली, बादलीशी उभी राहिली. चिमटा मागितला तर तिने दिला नाही. तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं?"

"जाऊबाई, माझ्या हातून घोटाळा झालाय."

मग तिने सांगितलं ते असं. पुड्या गोळा करायच्या असतील तेव्हा शेवटचे दोन दिवस पेशींना उपाशी ठेवायचं असतं. तीनदा धुवायचं आणि सीरम नसलेलं साधं पाणी घालायचं. कागदावर नियम लिहिला होता, कारण लिहिलं नव्हतं. चाचणीसाठी मोठा लॉट करताना दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

"त्या गोल व्हायला लागल्या होत्या," ती म्हणाली. "तळाची पकड सुटत होती. मला बघवेना. अकरा वर्षांत एकदाच उपाशी ठेवलं होतं हो, तेही मोठ्या बाई शेजारी उभ्या होत्या म्हणून."

"मग?"

"मग दिलं थोडंसं सीरम. बाटलीमागे चमचाभर."

"वहीत लिहिलंस?"

तिने मान हलवली. "लाज वाटली. म्हटलं, मोठ्या बाई हसतील."

पेशी तरारल्या. पाणी गोळा केलं, गाळलं, मोठ्या यंत्रात गरगर फिरवून पुड्या खाली बसवल्या, मोजल्या, तर अपेक्षेच्या तिप्पट! सगळ्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. हिला वाटलं, खायला दिलं म्हणून पोरी खूश होऊन दुप्पट-तिप्पट देत्या झाल्या. जंतू नाहीत, हे नाही, ते नाही, सगळ्या तपासण्या पास. बहात्तर कुप्या भरून फ्रीझरमध्ये उणे ऐंशीला ठेवल्या. आणि काल, शुक्रवारी, मोठ्या बाई पाहुण्यांना पडद्यावर पुड्यांचे नाचणारे ठिपके दाखवत होत्या. ही मागे ट्रे घेऊन उभी. बाई सहज म्हणाल्या, "उपाशी यासाठी ठेवतो, की सीरममध्ये वासराच्या स्वतःच्या पुड्या खच्चून भरलेल्या असतात. सीरमचा थेंब राहिला तर आपण वासराच्याच पुड्या मोजत बसू."

"ट्रे हातातून पडायचाच राहिला," धाकटी म्हणाली. "जाऊबाई, त्या कुप्यांत अर्ध्याहून जास्त वासराच्या आहेत."

"कुणी पकडेल?"

"नाही. सीरम घालायचंच नाही म्हटल्यावर वासराची तपासणी कोण करतंय? दिसायला सगळ्या सारख्याच. फक्त मला माहीत आहे."

मी चिमटा स्वतःच उचलून दोरीवरच्या टॉवेलला लावला. मला आठवतंय, तो रंगाऱ्याच्या पट्टीसारखाच पांढरा टॉवेल होता. आणि मी जे बोलले ते मी आजही जसंच्या तसं सांगते, कारण मला ते लपवायचं नाही.

मी म्हणाले, "मग मूग गिळून गप्प बस."

मग मीच पुढे विचारलं.

"नवा लॉट करायला किती दिवस?"

"तपासण्या धरून सात आठवडे."

"आणि त्याची वीस तारीख. सात आठवड्यांनी मी काय त्याच्या लाकडी पायाला पट्टी बांधू? अर्ध्या वासराच्या असतील, अर्ध्या तर आपल्या आहेत ना? त्या करतील काम. वासराच्या काय विषारी आहेत?"

"माहीत नाही. कुणी तपासलंच नाही. त्याच्या उघड्या जखमेवर लावायच्या, जाऊबाई. सूज आली तर? अंगाने नाकारलं तर? आणि समजा, बरा झाला. कुणामुळे झाला म्हणायचं? पुढच्या शंभर लोकांना मग काय लावायचं?"

"पुढच्या शंभर लोकांचं मला सांगू नकोस! मला हा एक माहीत आहे. त्याची टाच सोळा महिने माझ्या मांडीवर आहे. तू कधी एक जखम तरी पाहिलीस का? वर काचेआड बसून बाटल्यांना लाडावून ठेवलंस, आणि आता सत्याचा पुळका आलाय!"

ती रडली नाही. रडली असती तर मी थांबले असते. ती नुसती म्हणाली, "नाही पाहिली." आणि खाली गेली. मी जिन्यात वाकून ओरडले, "त्याचा पाय गेला तर तो तुझ्या हातून गेला असं समज!" खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघायला लागल्या. बघू देत म्हटलं.

रविवारभर घरात शब्द नाही. दोघे भाऊ एकमेकांकडे बघून पेपरात तोंड घालून बसले. धाकटीने भाज्या चिरल्या, डबे भरले. ती काय करणार हे तिच्या पाठीवरून काही कळत नव्हतं. मला दोन्हींची भीती वाटत होती. तिने सांगितलं तर पाय जाणार. नाही सांगितलं तर उद्या दहा वाजता त्या कुप्या माझ्याच हाताने लावायच्या, सगळं माहीत असून. इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहीर मीच खणलेली.

सोमवारी रंगारी सव्वानऊलाच हजर. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, चांगल्या पायात नवा मोजा.

"लग्नाला आलात का?" मी म्हटलं.

"पायाचं शेवटचं लग्न, सिस्टर. जमलं तर जमलं."

मी पट्टी सोडली. जखम धुतली, कागद ठेवला, कड गिरवली. तीच रेघ. या वेळी ती खरंच वाकडी आली, पण तो दाराकडे बघत होता. पावणेदहा वाजले. नंतर दहाला दहा कमी. दारात पाऊल वाजलं की मी वळून बघायचे. वरून निळा डबा आला तर धाकटी गप्प बसली. डबा आला नाही तर ती बोलली. मला काय हवं होतं, देवाशपथ सांगता येत नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी मोठ्या बाई आल्या. हात मोकळे.

त्यांनी स्टूल ओढलं आणि रंगाऱ्यासमोर बसल्या. "आज मात्रा लावता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तयार करताना आमच्याकडे चूक झाली. ज्यांच्या हातून झाली त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. सगळा लॉट रद्द केलाय."

"मग कधी?"

बाईंनी खरं तेच सांगितलं. सात आठवडे.

रंगाऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग टाचेकडे. "बरं," तो म्हणाला. "बरं." मग कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली, जणू आता तिचं काही काम नव्हतं. मी पट्टी बांधली. आयुष्यात हजारो पट्ट्या बांधल्या, ती सगळ्यात वाईट. तो गेल्यावर मी तिसऱ्या मजल्यावर चालत गेले, लिफ्टची वाट बघण्याइतका दम मला नव्हता. म्हटलं आज हिची चामडी लोळवते.

धाकटी तिच्या खोलीत नव्हती. मागच्या बोळात फ्रीझरसमोर गुडघ्यावर बसली होती, हातात जाड मोजे, सगळ्यात खालचा खण बाहेर ओढलेला. बाजूला मोठ्या बाई उभ्या, चेहरा अजून तांबडालाल. मला बघून धाकटी उठली नाही. तिने बर्फ चढलेली एक पेटी बाहेर काढली.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"पहिला लॉट. शिकण्यासाठी केला होता आपण, सहा महिन्यांपूर्वी. तुम्ही दोन दिवस माझ्या शेजारी उभ्या होतात. तेव्हा एक थेंब सीरम घातलं नव्हतं. तपासण्या सगळ्या झाल्यात, वहीत आहेत. फक्त पुड्या कमी भरल्या, म्हणून तुम्ही म्हणालात, बाराजणांना पुरणार नाहीत, काढून टाका."

"मग?"

"नाही टाकल्या." तिने खाली बघत सांगितलं. "म्हटलं, असू द्यात. लागतात कधी कधी."

मी तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. फिरवून थोड्या पाण्यात आणल्या तर एका माणसाला पुरतील. सहा मात्रा नाहीत, चार.

"पण परवानगी लागेल," बाई म्हणाल्या. "वासराची तपासणीही करून घेऊ, या वेळी मी काहीच गृहीत धरणार नाही. आणि तुम्ही," त्या धाकटीला म्हणाल्या, "तुम्ही आता या खोलीत काम करायचं नाही. चुकीबद्दल नाही. चूक कुणीही करेल. वहीत लिहिलं नाहीत म्हणून."

"हो," धाकटी म्हणाली.

तिने मोजे काढले, नीट घडी करून ठेवले, अंगातला डगला खुंटीला अडकवला. उबेच्या कपाटाच्या काचेवर एकदा हात ठेवला. मी तिच्या शेजारून खाली आले. माझा राग गेला नव्हता. खरं सांगायचं तर आता तो कुणावर आहे हेच कळत नव्हतं, आणि म्हणून जास्त जळत होता.

तळघरात काचसामान धुऊन निर्जंतुक करायची खोली आहे. दुसऱ्या दिवसापासून धाकटी तिथे. वाफ, साबण, बाटल्यांचे ढीग. लिफ्टमधल्या टवाळांनी विचारलं, "गवळीणबाई, गाय आटली का?" त्या दिवशी मात्र मी तिथेच होते, आणि मी त्यांना असं झापलं की दोन मजले आधीच उतरले. तिच्याशी तेव्हा मीही बोलत नव्हतेच, पण ते वेगळं. माझं माणूस आहे, मी टाकून बोलेन, तुम्ही कोण?

सहा तारखेला वासराच्या तपासणीचा निकाल आला. एकही खूण नाही. त्याच दिवशी चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी. सर्जनांकडे मी स्वतः गेले. ते म्हणाले, "सिस्टर, मी वीसवर ठाम आहे." मी म्हटलं, "मी खुर्चीवर ठाम आहे," आणि बसले. शेवटी ठरलं ते असं: दर आठवड्याला हाडाचा फोटो, ताप आला तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया, आणि तिसऱ्या मात्रेपर्यंत कड हलली नाही तर पुढे एक दिवस नाही.

सात तारखेला पहिली मात्रा लावली. कुपीत जे होतं ते पाण्यासारखं पाणी. जेलमध्ये मिसळून टाचेवर लावताना मला वाटलं, एवढ्याशा थेंबासाठी हा सगळा जीव टांगणीला.

पहिला आठवडा, रेघ तीच. रंगारी म्हणाला, "चिठ्ठ्या टपालात अडकल्या असतील." चौदाला दुसरी मात्रा. सतराला कागद ठेवला, रेघ तीच. पण जखमेचा तळ राखाडी होता तो लाल दिसला. मी नुसती पट्टी बांधली. आशा दाखवणं हे आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप. वीस तारीख आली. त्या दिवशी तो न बोलावता आला, नुसता बाकावर बसला आणि संध्याकाळी उठून गेला.

एकवीसला, तिसऱ्या मात्रेच्या दिवशी, सर्जन स्वतः खाली आले. मी पट्टी सोडली. खालच्या बाजूने, जिथे कड सोळा महिने जाड आणि पांढरी होती, तिथून एक फिकट गुलाबी पट्टी आत सरकली होती. नखाच्या कडेएवढी. मी कागद ठेवला, रेघ काढली, जुनी रेघ बाहेर राहिली. सर्जनांनी माझ्या हातातून कागद घेतला, उजेडात धरला, परत ठेवून स्वतः एकदा गिरवलं.

"तारीख खोडा," ते म्हणाले.

रंगाऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पाठ वळवून कात्री धूत बसले, धुतलेलीच कात्री.

चार मात्रांनंतर जखम हरभऱ्याएवढी उरली. पुड्या संपल्या होत्या. बाकीची साध्या पट्टीने, जाड बुटाने आणि माझ्या ओरडण्याने अजून नऊ आठवडे घेत मिटली. मोठ्या बाई मला वारंवार बजावतात, "सिस्टर, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. आता खरी चाचणी होईल तेव्हा बघू." बरोबर आहे त्यांचं. बाकीचे अकराजण नव्या लॉटची वाट बघत थांबले. त्यांतल्या एका आजीबाईंची पायाची बोटं त्या सात आठवड्यांत गेली, तेही मी इथे सांगून ठेवते. धाकटीला ते कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

मी तिच्याशी बोलायला लागले होते, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. माफी हा शब्द घशाशी यायचा आणि मी काहीतरी दुसरंच बोलायचे.

पाच महिन्यांनी माझ्या खोलीला रंग द्यायचं निघालं, आणि काम त्यानेच मागून घेतलं. शिडी टेकवून, दोन पायांवर चढून, गाणं गुणगुणत तो छत घासत होता. तेवढ्यात धाकटी तळघरातून निर्जंतुक केलेल्या भांड्यांची पेटी घेऊन आली. मी म्हटलं, "ही बघा, हीच ती."

तो खाली उतरला. "म्हणजे तुम्ही! बाई, मला लोकांनी सांगितलं, तुमच्या बोलण्याने माझा पाय जाणार होता, आणि तुमच्या न टाकण्याने राहिला. शिव्या द्याव्या की पाया पडावं, तेच कळेना."

धाकटी हसली नाही. तिने पेटी खाली ठेवली. "टाच बघू का?" तिने विचारलं.

तो स्टुलावर बसला, बूट मोजा काढला. ती खाली बसली. अकरा वर्षं पेशी वाढवल्या बाईने, पण जखम अशी कधी पाहिली नव्हती, आणि आता पाहिली ती भरलेली. तिने बोट त्या गुळगुळीत, गुलाबी कातडीवर फिरवलं, कडेपासून मध्यापर्यंत, परत कडेपर्यंत. "इथून सरकल्या," ती स्वतःशीच म्हणाली.

आणि मला राहवलं नाही. मी म्हणाले, "हिने मला आधी सांगितलं होतं. शनिवारी. मी म्हटलं गप्प बस. ही बोलली नसती तर मी सोमवारी ते वासराचं तुमच्या टाचेवर लावलं असतं. सगळं माहीत असून. हसत हसत लावलं असतं." मग धाकटीकडे बघून म्हटलं, "गच्चीवर जे बोलले, ते चुकलं माझं."

धाकटीचा हात टाचेवर तसाच राहिला.

रंगाऱ्याला विनोद सुचेल म्हणून मी थांबले. त्याला सुचला नाही. त्याने सावकाश मोजा चढवला, बुटात हात घालून खडा नाही ना ते तपासलं, बूट घातला, नाडी बांधली.

"माझ्यासाठीच म्हणालात ना, सिस्टर?"

"हो. तुमच्यासाठीच."

"त्याचीच भीती वाटते," तो म्हणाला.

मग त्याने ब्रश उचलला. छताचा कोपरा राहिला होता, शिडी तिथे जरा डुगडुगत होती. धरायला मी पुढे झाले, तर तो धाकटीला म्हणाला, "बाई, तुम्ही धरा."